गाडी तीच, पण यंदाची का गेल्या सालची? कोल्हापुरात घरची एसयूव्ही घेताना

आमच्या दाजींनी पाडव्याला गाडी घेतली. बुकिंग जानेवारीतलं. शोरूममध्ये ठेवलेली गाडी घरातल्या सगळ्यांनी उलटीपालटी करून बघितलेली. आक्का मागच्या सीटवर बसून "हात टेकायला बरं आहे" म्हणालेली. पाडव्याच्या सकाळी गाडी ताब्यात आली, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, अंबाबाईला जाऊन आलो. येताना आक्का मागं बसली, हात टेकायला गेली, तर मधला आर्मरेस्टच नाही.

शोरूमला फोन लावला. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "सर, व्हेरियंट तोच आहे." आणि ते खोटंही नव्हतं. आम्ही बघितलेली गाडी जानेवारीच्या लॉटची, हातात पडलेली आदल्या नोव्हेंबरची. मधल्या दोन महिन्यांत कंपनीनं त्याच व्हेरियंटमध्ये, म्हणजे गाडीच्या त्याच पायरीत, चार वस्तू वाढवल्या होत्या. नाव तेच, रंग तोच, मागच्या दारावरचा बिल्ला तोच. बुकिंगच्या पावतीवर तरी काय होतं? गाडीचं नाव, रंग आणि दाजींची सही.

तेव्हापासून पाहुण्यांत कुणी पहिली मोठी गाडी घेणार असलं की मला सोबत नेतात. मी काही मेकॅनिक नाही. पण शोरूमच्या गारेगार एसीत बसून, त्यांचा चहा पिऊनसुद्धा प्रश्न विचारायला मला लाज वाटत नाही. तेच प्रश्न इथं क्रमानं मांडतो.

आधी 'साल' समजून घ्या

आपल्याकडे मॉडेल-इयर ही कायद्यानं बांधलेली गोष्ट नाही. कंपनीला वाटेल तेव्हा ती यादी बदलते. तरी बदलाचे तीन प्रकार ओळखता येतात. एक पूर्ण नवी पिढी: सांगाडा, इंजिन, आतली बैठक सगळं नवं. दुसरा फेसलिफ्ट: तोंड, दिवे, डॅशबोर्ड बदलतो, हाडं तीच. तिसरा सालाबादचा किरकोळ बदल. बाहेरून काही दिसत नाही, फक्त कुठल्या व्हेरियंटला काय मिळतं याची वाटणी बदलते. फसगत होते ती या तिसऱ्यात.

ह्युंदाईच्या क्रेटाचं उदाहरण बघा. 2015 च्या जुलैत आली, 2018 ला फेसलिफ्ट, 2020 च्या मार्चमध्ये नवी पिढी, 2024 च्या जानेवारीत पुन्हा फेसलिफ्ट. एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण 2025 च्या मार्चमध्ये त्याच गाडीत ईएक्स-ओ आणि एसएक्स प्रीमियम असे दोन नवे व्हेरियंट घुसले आणि मोठं सनरूफ खालच्या ईएक्स-ओ पर्यंत उतरलं. फेब्रुवारीत ज्यानं केवळ सनरूफसाठी वरचा व्हेरियंट घेतला, त्याच्या मनाचं काय झालं असेल ते विचारू नका.

महिंद्राच्या एक्सयूव्ही 700 चंही तसंच. 2024 च्या जानेवारीत तिच्या वरच्या व्हेरियंटना मधल्या रांगेत कॅप्टन सीटचा, म्हणजे बाकाऐवजी दोन सुट्या खुर्च्यांचा, पर्याय आला आणि एएक्स-7 एल ला हवेशीर सीट मिळाल्या. डिसेंबरात घेणाऱ्याला हे मिळालं नाही. पुढं 2026 च्या जानेवारीत त्या गाडीची जागाच एक्सयूव्ही 7एक्सओ नं घेतली.

आणि आता ज्याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो ते. मारुतीच्या ग्रँड विटाराच्या खालच्या व्हेरियंटमध्ये आधी दोनच एअरबॅग असायच्या. 2025 च्या एप्रिलपासून सगळ्या व्हेरियंटना सहा. ब्रेझालाही त्याच वर्षी सगळीकडे सहा झाल्या. म्हणजे "जुना स्टॉक आहे, चाळीस हजार कमी करतो" असं कुणी म्हणालं आणि ती गाडी या बदलाच्या आधीची निघाली, तर तुम्ही चाळीस हजारांना चार एअरबॅग विकल्या. आर्मरेस्ट बाजारात मिळतो, हजार-दोन हजारांत बसवून होतं. एअरबॅग मागाहून बसत नाही.

म्हणून पहिलं काम: आवडलेल्या गाडीत शेवटचा बदल कोणत्या महिन्यात झाला, ते शोधा. कंपनीच्या साइटवर ब्रोशर असतं, त्याच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छपाईचा महिना-साल बहुतेक सापडतो. शोरूममधल्या टेबलावर पडलेलं ब्रोशर जुनं असू शकतं. दोन्ही शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघा. अर्धा तास जातो, जाऊ दे.

अक्षरांची भाषा

प्रत्येक कंपनीची उतरंड वेगळी. मारुतीच्या नेक्सा गाड्यांना सिग्मा, डेल्टा, झीटा, अल्फा. ब्रेझाला एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय. ह्युंदाईची ई पासून एसएक्स पर्यंत चढण, मध्येमध्ये 'ओ' ची पायरी. कियाला एचटीई, एचटीके, एचटीएक्स. टाटाची स्मार्ट, प्युअर अशी नावं, पुढं गाडीप्रमाणं क्रिएटिव्ह किंवा ॲडव्हेंचर, मग फिअरलेस. त्यात नावापुढं 'एस' दिसला तर समजा सनरूफ. महिंद्राचे एमएक्स-एएक्स वेगळे, स्कॉर्पिओ-एन चे झेड वेगळे.

पाठ करायची गरज नाही. एक कागद घ्या, मधे तुमच्या बजेटचा व्हेरियंट लिहा, डावीकडं त्याच्या खालचा, उजवीकडं वरचा. फक्त या तिघांतला फरक लिहा, तोही किमतीसकट. टॉप आणि बेस यांची तुलना सेल्समनला आवडते, कारण त्यात टॉप सुंदरच दिसतो. खरा निर्णय कायम शेजारच्या दोन पायऱ्यांत असतो. बऱ्याचदा असं दिसतं की वरच्या पायरीला सत्तर हजार जास्त जातात आणि त्यातले निम्मे अलॉय, सीटचं कातडं आणि दिव्यांच्या पट्टीला. उलट कधी त्याच सत्तर हजारांत मागचा कॅमेरा, मागचे डिस्क ब्रेक आणि ऑटोमॅटिकचा पर्याय मिळतो. मग डोळे झाकून वर जा.

आता तुमचा रस्ता कागदावर काढा

इथं जरा वेळ काढा, कारण फीचरची यादी मुंबई-दिल्लीचा गिऱ्हाईक डोळ्यासमोर ठेवून केलेली असते. आपण कुठं फिरतो? रोजचं शहर: शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, महाद्वार रोडची गर्दी, बिंदू चौकातलं पार्किंग. महिन्यातून एकदा जोतिबा, पन्हाळा. वर्षातून दोनदा कोकण: गगनबावड्यावरून, नाहीतर फोंड्यानं, रत्नागिरीला जायचं तर आंबा घाट, गोव्याला आजऱ्यावरून आंबोली. आणि पुणे, तो हायवेनं.

पेठेतल्या गल्लीला 360 कॅमेरा, म्हणजे गाडीच्या चारही बाजू दाखवणारा, ही चैन नाही. गाडीची रुंदी आणि आपल्या वाड्याचं फाटक यांत वीतभर अंतर असलं की तो कॅमेरा पहिल्या सहा महिन्यांत पैसे वसूल करतो. त्यासाठी वरची पायरी परवडत नसेल तर निदान पुढचे-मागचे सेन्सर आणि मागचा कॅमेरा हवाच. टेस्ट ड्राइव्ह हायवेवर घेऊ नका. सरळ म्हणा, "माझ्या घरापर्यंत नेऊ." आमच्या एका मित्राला असंच कळलं की त्याच्या मनातली गाडी बोळात वळतच नाही. बुकिंगचे पैसे वाचले.

घाटासाठी बघायची यादी वेगळी. चारही चाकांना डिस्क, घसरणारी गाडी सावरणारी ईएससी यंत्रणा, चढावर गाडी मागं न घसरू देणारा हिल होल्ड, आणि फॉग लॅम्प. जुलैत आंबोलीत पाच फुटांवरचं दिसत नाही. खालच्या व्हेरियंटमध्ये फॉग लॅम्प कापलेला असतो आणि यादीत तो इतका खाली असतो की नजरेतून सुटतो. मागच्या काचेचा वायपर आणि काचेवरची वाफ घालवणारा डीफॉगर हेही तसंच. पावसाळ्यात राधानगरीला एकदा जाऊन या, मग सनरूफ महत्त्वाचं का डीफॉगर ते कुणाला विचारावं लागणार नाही.

सनरूफबद्दल बोललोच आहे तर सांगून टाकतो. मला ते आवडत नाही. एप्रिलच्या उन्हात डोक्यावर काच कशाला? पोरं उभी राहतात, ते धोक्याचं. पण विकताना गिऱ्हाईक पहिला प्रश्न सनरूफचाच विचारतो हेही खरं. घरात पोरं हट्टाला पेटली तर माझं काही चालत नाही, तुमचंही चालणार नाही.

एडीएएस हा सध्याचा मोठा शब्द. समोर अडथळा आला तर आपोआप ब्रेक, रस्त्यावरचा लेनचा पट्टा ओलांडला तर स्टिअरिंगला झटका, पुढच्या गाडीच्या वेगानं चालणारा क्रूझ. पुण्याच्या हायवेवर क्रूझ छान. पट्टे पुसलेल्या गगनबावडा रोडवर लेन धरणारी यंत्रणा काय धरणार? ऊस हंगामात रात्री एकामागं एक दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर समोर असतो, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला. तिथं ऑटो ब्रेकवर भरवसा ठेवून पाय ढिला सोडू नका. कॅमेरा-रडारला धुकं, धो-धो पाऊस आणि चिखल यांत मर्यादा येतात, हे कंपनीच्याच पुस्तिकेत लिहिलेलं असतं. शिवाय कॅमेरा पुढच्या काचेमागं असतो, म्हणून काच बदलली की कॅमेरा पुन्हा जुळवायचा, म्हणजे कॅलिब्रेशनचा, खर्च वेगळा. महिन्यातून चार वेळा पुण्याला जाणाऱ्यानं घ्यावं. बाकीच्यांनी ते पैसे ईएससी आणि चांगल्या टायरवाल्या व्हेरियंटवर घालावेत.

टायरवरून आठवलं. टॉपला 18 इंची अलॉय, मधल्याला 16 किंवा 17. मोठ्या रिमला रबराची भिंत पातळ. फोटोत देखणं, खड्ड्यात दणका कमरेला. आई-बाबा मागं बसणार असतील तर दोन्ही व्हेरियंट खराब रस्त्यावर चालवून बघा आणि त्यांनाच मागं बसवा. स्टेपनी पण उघडून बघा. वर चार अलॉय आणि खाली बारीक लोखंडी चाक असेल तर पंक्चर झाल्यावर वेग कमी ठेवावा लागतो.

सात सीटवाली घेताना कॅप्टन सीट का बाक, हा घरोघरचा वाद. वयस्करांना कॅप्टन सीट उतरायला-चढायला सोपी, पण एक माणूस कमी बसतो. जोतिबाच्या खेट्यांना सगळं घर निघालं की त्या एका सीटची किंमत कळते.

पाण्याचंही सांगायला हवं. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता. ग्राउंड क्लिअरन्स व्हेरियंटप्रमाणं बदलत नाही, म्हणून त्यासाठी वरच्या पायरीला पैसे घालू नका. इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्शनचा ॲड-ऑन मात्र घ्या. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायच्या नादात इंजिन आखडलं, तर साध्या पॉलिसीत ते बसत नाही.

दहा लाखांची रेघ

व्हेरियंट निवडताना एक्स-शोरूम, म्हणजे रोड टॅक्स आणि इन्शुरन्स धरायच्या आधीची, किंमत बघायची, ती आपल्या राज्यात एका कारणासाठी फार महत्त्वाची आहे. महाराष्ट्रात रोड टॅक्स पायऱ्यांनी चढतो. पेट्रोलला 10 लाखांपर्यंत 11 टक्के, 10 ते 20 लाख 12, त्यावर 13. डिझेलला प्रत्येक पायरीवर दोन टक्के जास्त: 13, 14, 15. आणि हा टक्का पूर्ण किमतीवर लागतो, वरच्या तुकड्यावर नाही.

हिशोब करून बघा. 9 लाख 95 हजारांच्या पेट्रोल गाडीला 11 टक्क्यांनी 1,09,450 रुपये. 10 लाख 5 हजारांच्या गाडीला 12 टक्क्यांनी 1,20,600. किमतीत फरक दहा हजारांचा, टॅक्समध्ये आणखी 11,150 चा. शिवाय 10 लाखांच्या वर गेलं की 1 टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं आगाऊ घ्यायचा आयकर, घेतात. तो आयकर रिटर्न भरून परत मिळतो, पण डिलिव्हरीच्या दिवशी खिशातून जातोच. रेघेच्या जरा वर असलेला व्हेरियंट घेताय, तर त्या वीस-एकवीस हजारांत खालच्याला बाहेरून काय बसवता येईल ते आधी विचारा.

जीएसटीचंही थोडं. 22 सप्टेंबर 2025 पासून दर बदलले. लांबी 4 मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन 1200 सीसीच्या आत, किंवा डिझेल 1500 च्या आत, तर 18 टक्के. बाकी पेट्रोल-डिझेल गाड्यांना 40, वेगळा सेस नाही. त्यामुळं ब्रेझा चार मीटरच्या आत असूनही 40 मध्ये जाते, तिचं पेट्रोल इंजिन 1462 सीसीचं. टाटाची नेक्सॉन किंवा महिंद्राची 3एक्सओ शेजारी ठेवून "ही महाग का?" असा प्रश्न पडला तर त्याच्या उत्तराचा एक भाग इथं आहे. या तारखेच्या आधीचं कोटेशन कुणी मोबाइलवर पाठवलं असेल तर पुसून टाका.

गेल्या सालची घ्यावी का?

आपल्याकडे गाडीचे मोठे मुहूर्त दोन, दसरा आणि पाडवा. दसऱ्याला बहुधा ताजा माल असतो. पाडवा मार्च-एप्रिलात, आणि तोवर यार्डात डिसेंबरच्या आतली न विकलेली गाडी शिल्लक असू शकते. मुहूर्ताची घाई असलेल्या गिऱ्हाइकाला ती द्यायचा मोह कुणालाही होईल.

घेऊच नये असं मी म्हणत नाही. गाडी दहा वर्षं दारात ठेवणार असाल तर सालाचा फरक शेवटी विरघळतो. चार वर्षांत बदलणार असाल तर समोरचा "मॉडेल कितीचं?" विचारतो आणि एक साल सरळ कापतो. सूट तेवढी हवी, नुसतं फ्लोअर मॅट आणि मडफ्लॅप देऊन भागत नाही. आणि तिसरी अट वर सांगितलीच: यंदा सुरक्षिततेचं काही वाढलं असेल तर कितीही सूट असो, जुनी नको.

साल कळतं कसं? बहुतेक कंपन्यांच्या 17 अक्षरी चासी नंबरात दहावं अक्षर वर्षाचं. आर म्हणजे 2024, एस 2025, टी 2026. महिन्याची खूण प्रत्येक कंपनीची आपापली, ती विचारून घ्या. विक्रीच्या दाखल्यात, म्हणजे फॉर्म 21 मध्ये, उत्पादनाचा महिना-वर्ष लिहावाच लागतो. "कागद नंतर मिळतील" म्हणाले तर "मग पैसेही नंतर" म्हणायचं, हसत हसत.

बुकिंगच्या पावतीवर काय लिहून घ्यायचं

दाजींच्या प्रकरणानंतर आम्ही एवढं लिहून घेतो: व्हेरियंटचं पूर्ण नाव शेवटच्या 'ओ' आणि 'प्लस' सकट, इंधन, गिअरबॉक्स, रंग, सीट किती, आणि "उत्पादन अमुक महिन्याच्या नंतरचं". सोबत ब्रोशरचं ते पान जोडून त्यावर शोरूमचा शिक्का. सेल्समन म्हणेल, "दादा, असं कुणी मागत नाही." म्हणू दे. मॅनेजरला भेटा, तो देतो.

दर कुठल्या दिवसाचा, हेही लिहा. जानेवारीत आणि एप्रिलात बऱ्याच कंपन्या किमती वाढवतात. वेटिंग लांबलं आणि मधे वाढ झाली तर डिलिव्हरीच्या दिवशीचा दर लागतो, असं पावतीच्या मागं छापलेलं असतं. इन्शुरन्स शोरूमचाच घ्यायची सक्ती नाही. बाहेरचं कोटेशन दाखवलं की त्यांचंही खाली येतं. हँडलिंग चार्ज नावाची ओळ दिसली तर ती कशाची, विचारा. आम्ही विचारलं आणि ती ओळ गेली.

पासिंगच्या आधी यार्डात

गाडी तपासायची ती पासिंगला पाठवायच्या आधी. एकदा एमएच-09 चा नंबर पडला की गाडी तुमची, तक्रारही तुमचीच. दिवसा उजेडात जा. पाऊस असेल तर दुसऱ्या दिवशी जा, ओल्या पत्र्यावर ओरखडा दिसत नाही.

चासी नंबर कागदाशी ताडा. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात: 3625 असेल तर 2025 सालचा छत्तिसावा आठवडा. गाडी म्हणे जानेवारीची आणि टायर आदल्या एप्रिलचे, तर विचारा. किलोमीटर बघा, बराच आकडा फिरलेला असेल तर ती टेस्ट ड्राइव्हची असू शकते. बॉनेट उघडून वायरी बघा, यार्डात उभ्या गाडीत उंदीर पहिल्यांदा घर करतो. मग ब्रोशरचं ते शिक्क्याचं पान हातात घेऊन एकेक ओळ गाडीवर बोट ठेवून तपासा. मागं बसून आर्मरेस्ट पाडून बघा, हे आमच्या घरात आता रीतच झाली आहे.

सगळं जुळलं तर पासिंगला होकार द्या. आरसी आली की लॅमिनेशनच्या दुकानात पळू नका. आधी तिच्यावरचं व्हेरियंटचं नाव, इंधन, चासी नंबर आणि उत्पादनाचा महिना-वर्ष फॉर्म 21 शी ताडून बघा. एखादं अक्षर चुकलं असेल तर शोरूमकडूनच लगेच दुरुस्त करून घ्या, कारण पाच वर्षांनी गाडी विकायला काढाल तेव्हा तो सेल्समन दुसऱ्या शोरूमला गेलेला असतो.